शिंगं भिंतीवर, कळप वावरात

आधीच सांगून टाकतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं. दहावीपर्यंत मराठी हा 'एक विषय' होता आणि तोही दुपारच्या शेवटच्या तासाला. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर सरांनी त्या पदरात घ्याव्यात. मराठी विभागाला लेख कमी पडत आहेत, विषय कोणताही चालेल, फक्त प्रेमकविता नको, असं सरांनी वर्गात येऊन सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एक विषय आधीपासून घोळत होता. तो मेसमध्ये सुरू झाला, घरी जाऊन चिघळला आणि अजून संपलेला नाही.

झालं असं की एका रात्री जेवताना माझ्या रूममेटने मोबाईलवर एक फोटो दाखवला. त्याचा मामेभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातला एक गोरा साहेब शिकारीला गेला होता. पिकअप गाडीच्या मागे एक भलंमोठं हरिण आडवं पडलेलं, साहेब दोन्ही हातांनी त्याची शिंगं धरून हसतोय आणि हरणाला एक कागदी चिठ्ठी बांधलेली. ती चिठ्ठी म्हणजे टॅग. तिकडे म्हणे एका टॅगवर एकच जनावर मारता येतं. मारलं की तिथल्या तिथे चिठ्ठी भरून बांधायची आणि सरकारला कळवायचं. काही ठिकाणी टॅग इतके कमी असतात की त्यासाठी लॉटरी निघते.

"आपल्याकडे का नाही बे हे?" रूममेट म्हणाला. "वावरात रोही हाय, कायवीट हाय, डुक्कर तर विचारूच नको. पाच लाखाले एक टॅग विकायचा. येऊ दे दुबईवाले, अमेरिकावाले. पैसे शेतकऱ्याले द्यायचे. शेतकरीही खुश, सरकारही खुश. प्रॉब्लेम सॉल्व्ह!"

सगळं टेबल खुश झालं. इलेक्ट्रिकलचा एक सिनियर तर लगेच ऑनलाइन टॅग-बुकिंगचं ॲप बनवायला निघाला. कोणीतरी "सलमानला डिस्काउंट द्या" म्हणालं आणि विषय हसण्यावारी गेला. (१९९८ चं ते जोधपूरजवळचं काळवीट प्रकरण, ज्यात २०१८ मध्ये कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, ते आमच्या जन्माच्या आधीचं. तरी काळवीट म्हटलं की पोरांना दुसरं काही आठवत नाही.) खरं सांगतो, मीही मान डोलावली होती. आयडिया मला पटली होती. विशेषतः त्या मामेभावाने सांगितलेली एक गोष्ट. पेनसिल्व्हेनियात २००२ पासून असा नियम आहे की हरणाच्या एका बाजूच्या शिंगाला ठरावीक टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही. सुरुवातीला बहुतेक भागांत तीन टोकं, काही भागांत चार लागायची. आधी तिथे बहुतेक नर दीड वर्षाचे असतानाच मारले जायचे, मोठे व्हायलाच मिळायचे नाहीत. नियम आल्यावर ते वाढू लागले. लहान नर समोर आला तर बंदूक खाली करायची, त्याला जाऊ द्यायचं, दोन वर्षांनी बघायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

दिवाळीत घरी गेलो. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. नाव कशाला लिहू, तिथले सगळे मला ओळखतात. आमच्या जुन्या घरात माजघराच्या दारावर सांबराचं एक डोकं टांगलेलं आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन टोकं, एका शिंगावर उदबत्ती अडकवायची आमच्या आजीची सवय. (घाबरू नका, जुनं आहे, आणि त्याचे कागद आजोबांच्या ट्रंकेत आहेत.) लहानपणापासून मी ते बघत आलोय, पण कधी काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं.

आजोबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कमी ऐकू येतं, पण शिकारीचा विषय काढला की सगळं ऐकू येतं. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधी मेळघाटच्या जंगलात शिकारीचे ब्लॉक पाडलेले असत. ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी मिळायचा, परमिटवर कोणतं जनावर आणि किती ते लिहिलेलं असायचं. आजोबा आणि त्यांचे दोन मित्र मूर्तिजापूरहून शकुंतलेने अचलपूरला गेले. ती नॅरोगेज तेव्हा वाफेवर चालायची, आता ती बंदच पडली आहे. पुढे बैलगाडीने परतवाड्याहून वर. सोबत फॉरेस्टचा गार्ड. परमिटवर एक सांबर, तेही नर. मादी मारायची नाही. ज्याच्या शिंगांवर अजून मखमल आहे तोही मारायचा नाही.

हे मखमल प्रकरण माझ्यासारख्या शहरी वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण मलाही आत्ताच कळलं. सांबर आणि चितळ यांची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. नवी येताना त्यांच्यावर केसाळ कातडं असतं, ती मखमल. काळविटाचं तसं नाही. त्याची शिंगं गळत नाहीत, जन्मभर वाढत राहतात आणि त्यांना पीळ पडत जातो. इंग्रजीत सांबर-चितळ म्हणजे डिअर आणि काळवीट म्हणजे अँटिलोप. शाळेत सिस्टरने आम्हाला सगळ्यांना 'डिअर' शिकवलं होतं, असो. सांबराच्या लहान नराला पहिल्यांदा नुसता सुळका येतो, मग दोन टोकं, आणि वयात आला की तीन.

तर आजोबा सांगत होते, पहिल्या दिवशी पाणवठ्यावर एक सुळकेवाला आला. अगदी पन्नास पावलांवर. मित्राने बंदूक उचलली, आजोबांनी नळी खाली दाबली. दुसऱ्या दिवशी दोन टोकांचा आला, त्यालाही जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे हा आला, जो आता आमच्या दारावर आहे. "लहान्याले मारून काय भेटते? त्याले वाढू द्या लागते," असं आजोबा म्हणाले. मला तर अंगावर काटा आला. म्हटलं, पेनसिल्व्हेनियाच्या चाळीस वर्षं आधी माझ्या आजोबांनी तोच नियम पाळला होता! लेखाचा शेवटही मनात तयार झाला. मेसमध्ये गेल्यावर सगळ्यांना गप्प करायचं.

आजी तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "जंगलात साधू होते तुये आजोबा. वावरातलं विचार न त्यायले."

मग आजीने सांगितलं. तेव्हा आमच्या बाजूला काळविटांचे मोठमोठे कळप होते. ज्वारी हुरड्यावर आली की रात्री उतरायचे. मूर्तिजापूरच्या एका जिनिंगवाल्याची जीप मागून आणायची, तिला वरून एक मोठा लाइट लावायचा आणि धुऱ्याधुऱ्याने फिरायचं. लाइट पडला की कळप उभा राहतो, नुसते डोळे चमकतात. मग बार. एका रात्री चार, कधी सहा. परमिट नाही, गार्ड नाही. पीकराखणीच्या बंदुकीचं लायसन्स होतं, तेवढं पुरे. सकाळी गावात मटण वाटायचं.

मी विचारलं, "त्यात लहान पण असायचे?"

आजी म्हणाली, "रात्री कोन शिंगं मोजते बाप्पा!"

काळविटाची शिंगंही होती घरात, बरीच. कायदा आला त्या वर्षी तिने ती गड्याला सांगून गोठ्यामागे पुरायला लावली. म्हणून घरात एकही जोडी नाही. दारावर राहिलं ते फक्त परमिटवालं सांबर, आणि घरात सांगितली जाते ती फक्त त्याचीच गोष्ट.

मी आजोबांकडे बघितलं. मला वाटलं ते चिडतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं गार्ड होता बाबू. इथं मीच मालक होतो."

मित्रांनो, या एका वाक्याने माझा तयार लेख पार बिघडवून टाकला. माणूस तोच, बंदूक तीच, वय तेच. मेळघाटात तो सुळकेवाल्याला सोडतो आणि मूर्तिजापूरला पाडसावर बार काढतो. म्हणजे 'लहान्याला वाढू द्या' हे शहाणपण माणसाच्या मनात असतं की परमिटच्या कागदावर? आजोबांवर टीका करायची म्हणून मी हे लिहीत नाही. हा अंक मी त्यांना वाचून दाखवणार आहे. पण जे घरात माजघराच्या दारावर टांगलेलं असतं आणि जे गोठ्यामागे पुरलेलं असतं, त्या दोन्हींचा हिशेब एकत्र केल्याशिवाय टॅगच्या बाजूने बोलता येत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

नंतर कॉलेजला येऊन थोडं वाचलं. (सबमिशनच्या आठवड्यात. टर्मवर्कला किती मिळाले ते विचारू नका.) मला वाटत होतं की १९७२ च्या कायद्याने शिकार एकदम बंद केली. तसं नाही. त्या कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या लायसन्सची सोय होती, मोठ्या जनावरांसाठी वेगळी, लहान जनावरांसाठी वेगळी. पिल्लं, माद्या आणि शिंगांवर मखमल असलेले नर खास परवानगीशिवाय मारायचे नाहीत, हेही त्यातच लिहिलेलं होतं. म्हणजे अमेरिकेचा तो नियम आपल्या देशाच्या कायद्यात होताच. ही लायसन्सची कलमं १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि शिकार खऱ्या अर्थाने बंद झाली. माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा पिकांचं नुकसान होत असलं तर अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाने काही जनावरं मारता येतात, तेवढा अपवाद राहिला. एकोणीस वर्षं कागदावर चांगला नियम असून शेवटी तो पुसावा लागला. नियम वाईट नव्हता. अंधारात शिंगं मोजणारा कोणी नव्हता.

कोणीच नव्हता असंही म्हणता येत नाही. आमच्या भागात शिंगं न मोजताही लहान्याला सोडणारे लोक होते, आणि त्यांना आपण काय दिलं ते ऐका. फासेपारधी. अमरावती-अकोल्याच्या पोरांना हा शब्द नवीन नाही, दुर्दैवाने तो बहुतेकांनी पोलिसांच्या बातम्यांमध्ये ऐकलेला असतो. हे लोक फास लावून काळवीट धरायचे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोन शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला होता. फाशात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर फासेपारधी तिला सोडून देत, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. गार्ड नाही, परमिट नाही, टॅग नाही. कारण सरळ आहे. पुढच्या वर्षीही त्यांना त्याच माळावर त्याच कळपावर जगायचं होतं. माझ्या आजोबांचं पोट ज्वारीवर आणि कपाशीवर होतं, काळवीट संपलं तरी त्यांना फरक पडत नव्हता. उलट पीक वाचत होतं. आणि इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जातीच्या जाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पारधीही आले. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून पुसला असं मी तरी म्हणू शकत नाही. जीपवाल्याच्या घरात सांबर आणि त्याचे कागद, आणि पाडस सोडणाऱ्याच्या मागे पोलिस. हे लिहिताना मला माझ्याच घराची लाज वाटते.

आता मेसमधल्या त्या ॲपकडे वळू.

टॅगवाल्यांचं म्हणणं असं की म्हातारा नर मारला तर कळपाचं काही बिघडत नाही, त्याचे दिवस संपलेलेच असतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण शिकाऱ्याला म्हातारा नको असतो, त्याला मोठ्या शिंगांचा हवा असतो. कॅनडात अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या जंगली मेंढ्यांचा शास्त्रज्ञांनी तीस वर्षं अभ्यास केला आणि २००३ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं की ठरावीक मापाच्या वरच्या शिंगांचेच नर मारत गेल्याने पिढ्यांमागून पिढ्या शिंगं लहान होत गेली. ज्यांची शिंगं लवकर आणि मोठी वाढतात ते आधी मरतात, त्यांना पिल्लं व्हायची संधी कमी. उरलेल्या किरकोळ शिंगांच्या नरांची वीण पुढे जाते. म्हणजे आमच्या कॅम्पस प्लेसमेंटसारखं, कंपनी टॉपर उचलून नेते आणि पुढच्या वर्षी डिपार्टमेंटमध्ये प्रोजेक्ट गाइड म्हणून आमच्यासारखे उरतात. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये मध्य आशियातल्या सायगा नावाच्या कुरंगाबद्दलही आलं होतं. त्यात शिंगं फक्त नरालाच असतात आणि त्या शिंगांना औषधासाठी भाव. नर इतके मारले गेले की माद्यांना नरच मिळेनात आणि वीणच कोसळली. आपल्या काळविटातही मोठी पिळदार शिंगं नरालाच असतात. नर तिसऱ्या वर्षाच्या आसपास काळा पडू लागतो, तोपर्यंत तो मादीसारखाच बदामी दिसतो. मग तो माळावर आपली जागा धरतो आणि तिथे दुसऱ्या नराला येऊ देत नाही. त्या जागेवरचा काळा नर काढला म्हणजे कळपातून फक्त एक जनावर कमी झालं असं होत नाही.

पण हेही सोडा. शास्त्र बाजूला ठेवून साधा हिशेब करू.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोठेबाबांसोबत दोन रात्री जागलीला गेलो. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, शेती तेच बघतात. ज्यांनी जागल केली नाही त्यांना सांगतो, रोमँटिक काही नसतं. थंडी वाजते, मच्छर चावतात, मोबाईलची बॅटरी उतरते आणि दर अर्ध्या तासाने उठून डबा वाजवत धुऱ्यावर चक्कर मारावी लागते. डबा म्हणजे आपला तेलाचा पत्र्याचा डबा. मोठेबाबा हे वर्षातून तीन-चार महिने करतात, आणि दिवसा पुन्हा शेतात. दुसऱ्या रात्री अडीच-तीनच्या सुमारास नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्यात कळप आला. टॉर्च मारली तर डोळेच डोळे. मी इंजिनिअर माणूस, मोजत बसलो. एकतीस. त्यात काळा नर एक. दोन-तीन लहान नर, शिंगाला एखादाच पीळ. बाकी सगळ्या माद्या आणि पाडसं.

आता समजा दुबईचा शेख आला, त्याने पाच लाखाचा टॅग घेतला आणि तो एक काळा नर मारला. एकतीसमधून एक गेला, उरले तीस. हरभरा किती वाचला? आणि हा तीसचा कळप पुढच्या वर्षी पुन्हा लागणार, कारण पुढच्या वर्षी पुन्हा काळा नर तयार पाहिजे, तेव्हाच टॅग विकला जाणार. टॅगच्या धंद्याला कळप वाढलेला हवा. मोठेबाबांना कळप कमी झालेला हवा. या दोघांचं गणित एका समीकरणात बसतच नाही, कितीही कॉन्स्टंट टाका! पेनसिल्व्हेनियाचं मी नंतर पूर्ण वाचलं तर तिथेही तेच निघालं. लहान नर सोडायचा नियम केला त्याच काळात त्यांनी माद्या मारायच्या परवानग्या वाढवल्या होत्या. हरणं कमी करायची तर माद्याच कमी कराव्या लागतात. मोठ्या शिंगांचा फोटो मामेभावाने पाठवला, माद्यांचा कोणी पाठवत नाही.

एक उदाहरण मात्र टॅगच्या बाजूचं आहे आणि ते लपवलं तर खोटेपणा होईल. पाकिस्तानच्या उत्तर भागात मारखोर नावाची जंगली बकरी आहे, तिची शिंगं पिळाची. तिथे वर्षाला मोजके परवाने विकतात, पैशातला ऐंशी टक्के वाटा गावाला मिळतो आणि गावकरी स्वतः राखण करतात. मारखोर तिथे वाढले. मला वाटतं ते जमलं कारण मारखोर उभ्या कड्यांवर राहतो, कोणाच्या हरभऱ्यात उतरत नाही. तिथे डोंगर गावाचा आणि पैसाही गावाचा. आमच्याकडे काळवीट सरकारचं, वावर मोठेबाबांचं आणि टॅग निघाला तर पैसा कुठल्या टेबलावर किती दिवस राहील हे कोणत्याही हॉस्टेलवाल्याला सांगायला नको. आमची स्कॉलरशिप कधी जमा होते ते आठवा.

कमी करायचा रस्ता आपल्या राज्यात अगदीच बंद आहे असंही नाही. पिकांचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याची परवानगी वनअधिकाऱ्यांमार्फत देण्याची सोय महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये केली. बिहारमध्ये तर २०१६ च्या जून महिन्यात मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले, आणि त्यावरून दिल्लीत दोन मंत्र्यांचं जाहीर भांडण झालं. मला ते फोटो बघून वाईट वाटलं. पण मोठेबाबांच्या जागी बसून बघितलं तर मी रोही-डुकराच्या बाबतीत 'कधीच नाही' असं म्हणू शकत नाही. करायचंच असेल तर ते जबाबदार माणसाने, मोजून, माद्यांचा विचार करून, कंटाळवाणं सरकारी काम म्हणून करावं. त्यात हौस नको, फोटो नको आणि भिंतीवर डोकं तर मुळीच नको. काळविटाला मात्र हात लावू नये असं माझं मत आहे. ज्या माळावर त्याने चरायचं ते माळ आपण नांगरले, तेव्हा तो हरभऱ्यात आला. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात आहे, अठरा चौरस किलोमीटरचं. तेवढ्यात तो मावणार कसा?

आणि काळवीट राहावं असं जर आपल्या सगळ्यांना वाटत असेल, तर त्याच्या जेवणाचं बिल एकट्या मोठेबाबांनी का भरायचं? माझं मुख्य भांडण इथे आहे. अमरावतीत कॅफेमध्ये बसून आम्ही 'सेव्ह वाइल्डलाइफ'ची स्टोरी टाकतो, ती फुकट पडते. नुकसानभरपाईचा नियम आहे, पण त्यासाठी अर्ज, फोटो, सातबारा, पंचनामा. कळप रात्रीत खाऊन जातो आणि पंचनामा होईपर्यंत उरलेल्या हरभऱ्याला नवे फुटवे येतात, मग म्हणायचं नुकसान कुठे दिसतंय? जो पैसा टॅगमधून येईल असं आमचं मेसचं टेबल म्हणत होतं, तो आधी या पंचनाम्यात ओता ना. त्यासाठी काळवीट मारायची गरज नाही.

मध्य प्रदेशात २०२५ मध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरने कळप हाकलत नेऊन, नरसाळ्यासारख्या मोठ्या कनातीत धरून, शेतातली काळविटं दुसऱ्या जंगलात नेऊन सोडली. खर्चिक आहे, पण एकही गोळी न झाडता झालं. आमच्याकडे निदान झटका मशीन तरी धड मिळावं. कंपनीचं मशीन महाग पडतं म्हणून काही लोक कुंपणाला थेट लाइन जोडतात. त्यात रोही मरतो, डुक्कर मरतं आणि कधी शेजाऱ्याच्या घरातला माणूसही जातो. मशीनमध्ये काय असतं, एका सेकंदाला एक बारीक पल्स, व्होल्टेज जास्त पण ऊर्जा अगदी थोडी, झटका बसतो पण जीव जात नाही. आमच्या कॉलेजात दरवर्षी फायनल इयरला लाइन फॉलोअर रोबोट बनतात. ते कुठली लाइन फॉलो करतात देव जाणे. एखाद्या ग्रुपने हे मशीन निम्म्या किमतीत करून दाखवलं तर मी माझं वावर टेस्टिंगला देतो. म्हणजे मोठेबाबांचं देतो.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. डबा वाजवल्यावर कळप पळाला, पण एक लहान नर थांबला. शिंगाला एकच पीळ, अंग अजून बदामी. टॉर्चच्या उजेडात तो सरळ आमच्याकडे बघत होता. मोठेबाबांच्या हातात दगड होता, पण त्यांनी तो मारला नाही. मी आजोबांचं वाक्य त्यांना ऐकवलं, "लहान्याले वाढू द्या लागते."

मोठेबाबा म्हणाले, "वाढू दे न. मी कुठं नाही म्हनतो? पन वाढून थो कोनाच्या वावरात जाईन, थे सांग."

मला सांगता आलं नाही. तो नर थोड्या वेळाने आपणच धुरा ओलांडून शेजारच्या तुरीत गेला.

अर्ज दिला आहे. हे लिहीपर्यंत पंचनाम्याला कोणी आलेलं नाही. शनिवारी प्रॅक्टिकल झाल्यावर बडनेऱ्याहून गाडी पकडून मी पुन्हा जागलीला जातोय. रूममेटही येतो म्हणालाय, त्याला टॅग कोणाला बांधायचा ते दाखवतो. कोणाकडे जास्तीची मोठी टॉर्च असेल तर शुक्रवारपर्यंत मेसच्या काउंटरवर ठेवा, सोमवारी परत करतो.